मामाजींची जस्ताची बोटं

माणसाच्या पेशीत काय चाललंय हे समोरच्याला सांगितल्याशिवाय ज्याला चहासुद्धा गोड लागत नसे, असा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. खामगावला ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशात संशोधन करायचा आणि गुरुजींवरच्या मायेपोटी महिन्या-दोन महिन्यांनी तिकडच्या नियतकालिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स प्रती पाठवायचा. टपाल आलं की मामाजी दोन दिवस कॉलेजाव्यतिरिक्त कुणाला दिसत नसत. तिसऱ्या दिवशी एसटी पकडून मलकापूरला आमच्याकडे हजर. कारण एवढं मोठं ज्ञान एकट्याने पोटात ठेवलं तर आपल्याला अपचन होतं, असं त्यांचं म्हणणं.

एकोणीसशे ऐंशी सालानंतरची ती गोष्ट. त्या सुमारास त्यांना जस्ताच्या बोटांनी झपाटलं. आपल्या पेशीत प्रथिनांचे लांबच लांब धागे असतात, त्यातल्या काहींना मध्येच एक मुरड पडते आणि जस्ताचा एक कण ती मुरड चार ठिकाणी धरून ठेवतो. मग ती दिसते बोटासारखी. हे मी आज इतक्या सहज लिहिते आहे, कारण मला ते किमान चाळीस वेळा सांगितलं गेलं आहे. एका लग्नात तर त्यांनी नवरीला बोहल्यावर जाता जाता थांबवलं आणि तिच्या निऱ्यांना लावलेल्या पिनेकडे हात करून म्हणाले, "पोरी, ही पिन म्हंजे जस्त. काढली का साऱ्या निऱ्या सुटल्या. पेशीतबी तसंच हाये." नवरी बिचारी पूर्ण लग्नभर एक हात पिनेवर ठेवून उभी होती.

ही बोटं करतात काय, असं कुणी चुकून विचारलं तर मामाजींचा चेहरा उजळायचा. खामगावच्या बाजारातला कापसाचा दलाल रुईचा पुंजका बोटांनी ओढून धाग्याची जात ओळखतो ना, तशी ही बोटं आनुवंशिकतेचा धागा चाचपतात, हवी ती जागा ओळखतात आणि तिथे बसून एखादं जनुक चालू करतात, एखादं बंद करतात. काही बोटं दुसऱ्याच प्रथिनाचा हात धरतात. पहिल्यांदा ती सापडली बेडकाच्या अंड्यांत, एका ओळीत नऊ. हे वाचल्यापासून मामाजींना पश्चात्तापाने घेरलं. "तीस वर्सं बेडूक कापून राह्यलो सूनबाई, पन त्याच्यात एवढं मोठं धन हाये हे मले दिसलं नाही," असं म्हणून ते हळहळायचे. पुढे प्रयोगशाळेत बेडूक फाडण्याआधी ते त्याला नमस्कार करत आणि मुलांनाही करायला लावत.

आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. मामाजी आले की गादीवर न बसता झिंक सल्फेटच्या पोत्याशेजारी बसत. गिऱ्हाईक पिशवी मागायला आलं की व्याख्यान सुरू. एकदा वडनेरचा एक शेतकरी अर्धा तास मुकाट ऐकत राहिला. शेवटी त्याने पिशवीकडे बघत विचारलं, "सर, म्हंजे हे कपाशीले टाकू का मीच खाऊ?" यजमान हात जोडून म्हणाले, "मामा, तुमी घरात बसा. गिऱ्हाईक भिऊन राह्यलं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मला दुसरी मुलगी झाली.

पहिलीच्या वेळी सासूबाई नुसत्या गप्प झाल्या होत्या. दुसरीच्या वेळी त्यांनी बाळाला मांडीवर घेतलंच नाही. बारशाला घर भरून बायका आल्या. पाळणा सजला होता आणि यजमानांच्या नांदुऱ्याच्या आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "सुनेच्या कुशीतच पोरगा नाही, त्याले कोन काय करन? आपला पोरगा अजून तरना हाये. एक स्थळ हाये माह्या पाहन्यात." मी पाळण्याची दोरी धरून बसले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला आत्याबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. यजमान बाहेर मंडपात पानं वाढत होते.

तेवढ्यात पुरुषांच्या पंगतीतून मामाजी उठले. हात वरणाने भरलेला, तसेच बायकांत येऊन उभे राहिले. "कोन म्हने सुनेच्या कुशीत नाही? आयका सगळ्या." आणि गव्हाची खीर थंड होईस्तोवर त्यांनी सोडलं नाही. आईजवळ द्यायला एकाच जातीचं गुणसूत्र असतं, बापाजवळ दोन जातींची. मुलगा करणारं गुणसूत्र बापाकडूनच येतं. त्याच्यावर, नव्या शोधानुसार, जस्ताच्या बोटांचं एक प्रथिन बनवणारं जनुक आहे, आणि ते बोट बटन दाबतं तेव्हा गर्भाचा मुलगा होतो. "बटन माह्या भाच्याजवळ होतं. त्यानं पाठवलं नाही. तर सुनेचा गुन्हा काय, सांगा!"

सासूबाई पुढे झाल्या. "म्हंजे माह्या पोराले बोटं नाहीत म्हनतो का तू?"

"ताई, तुह्या पोराले सारी बोटं हायेत. या टपालात आली नाहीत, एवढंच."

आधी एक जण फिस्सकन हसली, मग सगळा घोळका. आत्याबाईंचं स्थळ त्या हसण्यात कुठे वाहून गेलं ते कळलंच नाही. पुढे महिनाभर बाजारपेठेत लोक यजमानांना "शेट, जस्त घेतलं का आज?" असं विचारत. सासूबाईंनी भावाकडून जस्त कशात असतं ते काढून घेतलं आणि पोराला रोज तिळाचे लाडू चारायला लागल्या. यजमानांचं वजन तेवढं वाढलं. पण मला त्यानंतर कुणी बोल लावला नाही, आणि धाकटीला सासूबाईंनी एकदा मांडीवर घेतलं ते मग खाली ठेवलंच नाही.

दोनेक वर्षं गेली असतील. मे महिन्यातल्या भर दुपारी मामाजी दारात उभे. डोक्याला पंचा, चेहरा उतरलेला. पाण्याचा तांब्या पुढे केला तर घेतला नाही.

"सूनबाई, माफी मागाले आलो. आपलं बोट चुकलं."

नवीन झेरॉक्स आली होती. ते जस्ताच्या बोटांचं जनुक मुलगा करणारं नव्हेच. काही पुरुषांत ते नसतानाही ते पुरुष निघाले. खरी किल्ली त्याच गुणसूत्रावर, जवळच पण दुसरीच सापडली, आणि तिला जस्ताचं बोट नव्हतं. बारशाला आलेल्या प्रत्येकीकडे जाऊन आपण चूक सांगणार, आणि सुरुवात ताईपासून, असं मामाजी म्हणाले.

"मामाजी, तुमच्या पाया पडते, सासूबाईंना नका सांगू. आता कुठे घर शांत आहे."

"नाही पोरी. चुकीच्या गोष्टीवर तुही बाजू उभी नको. खरं तुह्याच बाजूचं हाये."

त्यांनी सांगितलं. सासूबाई धाकटीची वेणी घालत होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हंजे ते बोट नव्हतं?"

"नव्हतं."

"पन जे काई हाये ते येते बापाकडूनच ना?"

"हाव. ते पक्कं."

"मंग एवढ्या उन्हात याचं काय काम होतं? पानी पे आधी." आणि त्या पुन्हा वेणीकडे वळल्या.

मामाजींनी मात्र शब्द पाळला. संध्याकाळच्या गाडीने नांदुऱ्याला आत्याबाईंकडे जायचं ठरवलं. मी स्टँडवर सोडायला गेले. एसटीला वेळ होता. मी म्हटलं, "मामाजी, एवढ्याशा चुकीसाठी कुणी दारोदार हिंडतं का?"

ते समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत म्हणाले, "तुह्या मामीले मूल झालं नाही. माह्या आईनं तिच्यासाठी अकरा वर्सं वैदू केले, तिले उपास कराले लावले, काय काय बोलली. दोष माह्यातबी असू शकते, आधी तपासायचं मलेच होतं, हे मले पहिल्यापासून ठाऊक होतं. वर्गात पोराईले शिकवत होतो मी ते. पन घरी आईसमोर एक शब्द काढला नाही. मामी गेली तवाबी लोक तिलेच वांझ म्हनून राह्यले होते."

बस लागली. त्यांनी पंचा झटकला, खिडकीपाशी जागा धरली आणि आता घरी जा अशी हाताने खूण केली. त्यानंतर मामाजी बरीच वर्षं होते, आमच्याकडे पुष्कळदा आले, पुष्कळ काही शिकवून गेले. मामींचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही.