बिनशिक्क्याचा इंजिनियर

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या आमच्या बिल्डिंगची सगळी दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला आम्ही ‘इंजिनियरसाब’ म्हणतो. तो लगेच दोन्ही कानांना हात लावतो. “नक्को साब! लायसनचा शिक्का ज्याच्याकडे, तोच इंजिनियर!”

काल गच्चीवर नवी टाकी बसवायची म्हणून लायसनवाल्या इंजिनियर मॅडम आल्या. त्यांनी खांब पाहिले, सर्टिफिकेटवर मारायला शिक्का बाहेर काढला. एवढ्यात, एरवी कोपऱ्यात उभा राहणारा हा माणूस हातोडी घेऊन पुढे झाला. त्याने आधी एक खांब ठोकला, मग जिन्याजवळचा. “मॅडम, आवाज सुनो ना!” अहो, जिन्याजवळचा चक्क पोकळ वाजला! मॅडमनी गिलावा खरवडून पाहिला, तर आतली सळई गंजून भुगा झालेली! शिक्का परत पर्समध्ये गेला. टाकी रद्द! मी तर टाळ्याच वाजवल्या.

रिपोर्टात त्याचंही नाव घालायचं म्हणून मॅडमनी विचारलं, “आपका नाम?”

“इंजिनियरसाब!” आम्हीच एका सुरात ओरडलो.

त्याने कानांना हात लावले आणि हळूच स्वतःचं नाव सांगितलं.

बारा वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.