सोनवणे बाईंचे हात

सुरतेत प्लेगची साथ आली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, एका शनिवारी सकाळी, पांडेसरातल्या आमच्या मराठी शाळेत नववीच्या वर्गात एक मुलगा दप्तरात गोळी भरलेला गावठी कट्टा घेऊन आला. गोळी सुटली नाही. कोणालाही इजा झाली नाही. तो तास सोनवणे बाईंचा, गणिताचा होता.

बाई शिरपूरकडच्या. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर. लहानपणी त्या वडिलांचा डबा घेऊन लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, जात. खात्यात यंत्रांच्या आवाजात शब्द ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी मिटली की धागा तुटला; तळवा खाली दाबला की मशीन बंद कर. आमच्या शाळेच्या भिंतीला असंच एक खातं लागून होतं. तिथले लूम सुरू झाले की बाई अर्धं गणित हातांनी शिकवत. म्हणत, "घसा माझा स्वतःचा आहे, शाळेचा नाही." वर्गात बहुतेक खानदेशी कारागिरांची मुलं, सगळ्यांना ते समजे.

राजूला समजत नसे. तो यवतमाळकडचा, बाप बांधकामावर गवंडी. विलास नावाचा मुलगा त्याच्याकडे बघून हातांनी काहीतरी करी आणि वर्ग हसे. राजू मान खाली घाली.

त्या शनिवारी शेजारच्या बाकावरच्या मंगलला राजूच्या उघड्या दप्तरात कट्टा दिसला. तिने बाईंकडे पाहून तळवा खाली दाबला, डोळ्यांनी दप्तर दाखवलं. मग पुन्हा दाबला. बाईंनी फळ्यावरचं गणित अर्धवट सोडलं नाही. उत्तर लिहिलं, मग वळल्या; दप्तरातला कट्टा त्यांनाही दिसला.

"विलास, ऑफिसातून खडू आण." विलास दारात पोहोचला तेव्हा त्यांनी हातानेच सांगितलं, परत येऊ नको, मुख्याध्यापक सरांना सांग, धोका आहे. मग आम्हाला मोठ्याने म्हणाल्या, "उरलेला तास मैदानावर. राजू, तू थांब, वह्या उचलायच्या आहेत." त्यांचे हात मात्र वेगळं सांगत होते: पळू नका, मागे बघू नका, ओळीने चला. आम्ही तसेच गेलो.

पुढचं बाईंनी नंतर सांगितलं ते असं. राजू उठून उभा राहिला होता, हात दप्तरात. बाई त्याच्याजवळ गेल्या नाहीत. दोन बाक सोडून बसल्या. काळजीत असल्या की त्यांच्या तोंडी अहिराणी येई.

"काय व्हयनं रे, भाऊ?"

"मले सारे हासतेत, बाई. हातानं काय बोलतेत ते मले समजत नाई."

"विलास काय म्हणतो?"

"तेच तं समजत नाई!"

बाईंनी विलासचा हातवारा करून दाखवला. "म्हणजे माल रिजेक्ट. वाईटच बोलतो तो. मी बघून दुर्लक्ष केलं, चूक माझी. दप्तर बाकावर ठेव, राजू. तू ये माझ्याकडे."

त्याने दप्तर ठेवलं आणि रडायला लागला. मुख्याध्यापक आत आले तेव्हा तो बाईंच्या बाकावर बसलेला होता.

कट्टा बांधकामावरच्या चौकीदाराच्या पेटीतला निघाला. राजूला बालसुधारगृहात पाठवलं. कोर्टाच्या तारखांना त्याच्या आईबरोबर बाई जात. वर्गात मंगलला कुणी चुगलखोर म्हटलं, तेव्हा बाईंनी तास थांबवला. "अरे, ती बोलली म्हणून तुम्ही आज डबा खाताय. चुगली कोणाला तरी अडकवायला करतात. तिने राजूलाही वाचवलं." विलासला त्या रागावल्या, पण काही आठवडे त्याला स्वतःच्या टेबलाजवळच बसवलं, कारण तो घाबरून दाराकडे बघत राही.

जूनपासून वर्गात नवं मूल आलं की पहिल्या आठवड्यात त्याला हातांची बोली शिकवायची, असा त्यांनी नियम केला. शिकवायचं काम विलासकडे दिलं.

त्याच उन्हाळ्यात राजू सुटला. बाईंनी खटपट करून त्याला उधन्याच्या एका शाळेत दहावीत बसवलं. पुढच्या मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली. विलासचा नंबर आमच्या शाळेत लागला, राजूचा उधन्याच्या केंद्रावर. पहिल्या पेपरला दोघेही हजर होते.