मिठाच्या लॉरीतलं वऱ्हाड

माझं लग्न बाबूमियाँ ड्रायव्हर यांनी लावून दिलं. भटजी होते, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हे सगळं खरं. पण लावून दिलं ते बाबूमियाँनीच. ते मोडायला निघालं होतं तेही त्यांच्याच लॉरीमुळे, असं मावशी अजून सांगते. मी तिकडे लक्ष देत नाही. उपकार आठवताना माणसानं मन मोठं ठेवावं.

निजामाचं राज्य जाऊन नवं सरकार आलं, त्या सुरुवातीच्या दिवसांतली ही गोष्ट. माझं गाव नांदेडच्याही पलीकडे. सातवीत शाळा सुटली (शाळेनं मला सोडलं, असं म्हणणं जास्त बरोबर) आणि मी हैदराबादला, काचीगुड्यात मावशीच्या घरी येऊन पडलो. गौलीगुड्यातल्या एका किराणा पेढीवर काम मिळालं. काम वजनाच्या काट्यापाशी बसून राहण्याचं. लग्नाच्या बोलाचालीत त्यातला ‘बसून’ हा शब्द फार उपयोगी पडला. ‘मुलगा काय करतो?’ असं कुणी विचारलं की मावशी म्हणायची, ‘पेढीवर बसतो.’ ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे गादी, लोड आणि तक्क्या उभा राहायचा. मी पत्र्याच्या डब्यावर बसत असे.

मुलगी झहीराबादकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या वडलांना सगळे दादा म्हणत. दादांना मी पसंत होतो. मुलीच्या मामांना नव्हतो.

‘शहरात गेलेली पोरं अशीच सांगतात,’ मामा म्हणाले होते. ‘बसतो म्हणायचं, नि पाठीवर पोती वाहायची. हमालाच्या घरात माझी भाची जाणार नाही.’

दादा म्हणाले, ‘आपल्या ऐकण्यात तर तो हमाल नाही. डोळ्यानं बघितलं तर मोडू.’

एवढ्या पायावर माझं लग्न ठरलं होतं. मी स्वभावानं भित्रा, त्यामुळे तेव्हापासून मी पेढीवर साधी साखरेची पुडीसुद्धा दोन्ही हातांनी उचलत नसे. कुणी बघितलं तर?

लग्न गोरज मुहूर्तावर, मुलीच्या गावी. आई आणि गावाकडची मंडळी परस्पर तिकडे पोचणार होती. काचीगुड्याहून निघणार ते मी, मावशी, मावशीचे यजमान अण्णा, आणि शेजारचे नरसिंगराव. सकाळीच मावशीनं मला हळद लावली. लावली म्हणजे, भिंतीला गिलावा करावा तशी केली. नंतर सगळे बसला निघणार, तेवढ्यात नरसिंगरावांनी पंचांगात बघून सांगितलं की राहूकाळ लागला.

आमच्या गावी राहूकाळ कुणी पाळत नाही. पण मावशीच्या आजूबाजूला सगळी तेलुगू घरं. तिनं त्यांच्याकडून आधी चारूचं सार घेतलं, मग गोंगुऱ्याची चटणी, आणि त्याच ओघात राहूकाळही घेतला होता.

‘बस जाईल ना मावशी,’ मी म्हणालो.

‘जाऊ दे. राहूकाळात उंबरा ओलांडायचा नाही.’

‘बसला कुठं राहूकाळ कळायलाय?’

‘बसला कळत नाही म्हणून तर आपण सांभाळायचं. गप बस, हळद सांडायलीय.’

राहूकाळ संपेपर्यंत आम्ही शुभ मनानं बसलो. गौलीगुड्याच्या स्टँडवर पोचलो तेव्हा बस अशुभ वेळी सुखरूप निघून गेली होती. पुढची दुपारची, आणि ती गावोगाव थांबत पोचणार मुहूर्ताला जेमतेम तासभर उरला असताना. वाटेत टायर बसला तर माझ्याशिवाय लग्न. मी रडवेला झालो. अण्णांनी आपल्या शेरवानीची वरची गुंडी लावली. काहीही संकट आलं की ते गुंडी लावत. सगळा जन्म त्यांनी निजामाच्या महसूल खात्यात काढला होता आणि तिथं एवढ्यावर भागत असे.

तेवढ्यात मला आमच्या पेढीची लॉरी दिसली. झहीराबादच्या बाजाराला मीठ चाललं होतं, आणि बाबूमियाँ दोर आवळत होते. मी धावलो.

‘माल की लॉरी है, दत्तूभाई,’ ते म्हणाले. ‘सवारी बिठाना मना है. पकडे तो मेरा लायसन जाता.’ मग त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. ‘ये पीला-पीला क्या है? शादी किसकी?’

‘माझी.’

‘कब?’

‘आज.’

बाबूमियाँनी दोर सोडला. पेढीवर मी नवा होतो तेव्हा आपल्या डब्यातली अर्धी रोटी मला देणारा हा माणूस. ते म्हणाले, ‘चढो. पर सवारी बनके नक्को. मालवाला चलता, मालवाले के हमाल चलते. तीसरा आदमी नै चलता.’

अण्णांनी कान टवकारले. ‘हा जुना कायदा की नवा?’

‘पुराना था तब ऐसाच था, अण्णासाब. नया आया बोलते, पर मेरेकू किसीने दिखाया नै.’

मग लॉरीच्या मागे उभं राहून आमची वाटणी झाली. मालवाली मावशी, कारण ती दुसरं काहीही व्हायला तयार नव्हती. उरलेले तिघे हमाल.

‘मी आयुष्यभर सरकारी नोकरी केलीय,’ अण्णा म्हणाले.

‘म्हणूनच म्हणते,’ मावशी म्हणाली, ‘आता काहीतरी काम करा.’

मावशी पुढे बाबूमियाँच्या शेजारी बसली. आम्ही मागे मिठाच्या पोत्यांवर: शेरवानीतला एक हमाल, पंचांग घेतलेला दुसरा, आणि पिवळा तिसरा.

शहर संपतं तिथल्या नाक्यावर लाकडी दांडा आडवा पडला. पूर्वीचा जमादार असता तर त्यानं बाबूमियाँना ‘सलाम’ म्हणून सोडलं असतं. पण तिथं नवे साहेब होते, नागपूरकडून बदलून आलेले. मराठी बोलत, तेही इतकं शुद्ध आणि इतकं हळू, की मी आपोआप सावरून बसलो. आणि राज्य नवं, साहेब नवे. बाबूमियाँसारख्यानं नाक्यावर वाद घालावा असे ते दिवस नव्हते. ते खाली उतरून हात बांधून उभे राहिले.

‘हे कोण?’ साहेबांनी विचारलं.

‘हमाल, साब.’

साहेबांनी अण्णांच्या शेरवानीकडे बघितलं. ‘हेही?’

‘पुराने हमाल है, साब.’

‘आणि हा असा पिवळा का?’

‘हळदी के गोदाम में काम करता.’

‘माल कोणाचा?’

‘माझा,’ मावशी खिडकीतून म्हणाली. ‘मीठ आहे. का, काय झालं?’

साहेब विचारात पडले. ते म्हणाले, ‘कायदा नवीन आलाय. माझ्याकडे त्याची प्रत अजून पोचलेली नाही. पण मालवाहू गाडीत प्रवासी नेता येत नाहीत, एवढं नक्की. प्रवासी निघाले तर ड्रायव्हरचं लायसन मी काढून घेईन.’ मग अत्यंत सौम्यपणे, ‘हमाल आहेत ना? मग माल उतरवून दाखवा. खाली काय आहे तेही बघू.’

मिठाचं पोतं ज्यानं उचललेलं नाही त्याला मी ते समजावून सांगू शकणार नाही. धान्याच्या पोत्याला हातात धरायला काहीतरी आकार असतो. मीठ ओलं होऊन बसतं आणि मग आजोळी आल्यासारखं जागचं हलत नाही. पहिलं पोतं मी आणि नरसिंगरावांनी मिळून उचललं, आणि मिळूनच सोडलं. ते फाटलं. दुसरं मी एकट्यानं पाठीवर घेतलं. दोन पावलं गेलो आणि पोतं वर, मी खाली, असे नाल्यात पोचलो. घामानं हळद ओघळून डोळ्यांत गेली, त्यावर मीठ.

मावशीला मात्र मालकीणपण चढलं होतं. लॉरीतून उतरून ती अण्णांसमोर उभी राहिली. ‘ए हमाला, वाकून उचल ना! कंबरेला काय झालंय?’

अण्णा पोत्याआडून दबक्या आवाजात म्हणाले, ‘अगं, जरा बेतानं.’

‘मालकाला उलटून बोलायचं नाही. साहेब, बघताय ना? असली माणसं आजकाल.’

‘बघतोय,’ साहेब म्हणाले.

पोत्यांआड कोंबलेली आमची ट्रंक निघाली. साहेबांनी उघडली. आत जरीचा फेटा, शेला, मुंडावळ्या.

‘माझं आहे,’ मावशीनं घाईनं सांगितलं. ‘बाजारात नीटनेटकं जायला लागतं.’

इथं सगळं निभावलं असतं. पण एवढ्या वेळात जी दुपारची बस आम्हाला फार उशिराची वाटली होती, ती मागून येऊन दांड्यापाशी उभी राहिली. तिच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. मुलीचे मामा! शहरातून बांगड्या-साड्यांची शेवटची खरेदी करून गावी परत चालले होते.

ते उतरले. माझ्या पाठीवर तेव्हा पोतं होतं.

‘दत्तोपंत?’ ते म्हणाले. ‘इथं काय करायलात?’

साहेब माझ्याकडे बघायला लागले. बाबूमियाँही. ‘मी नवरदेव आहे’ म्हणालो तर त्यांचं लायसन जाणार, आणि त्या लायसनवर त्यांच्या घरातली सगळी तोंडं चालत होती. ‘मी हमाल आहे’ म्हणालो तर माझं लग्न जाणार. अण्णा गुंडी शोधत होते. ती केव्हाच तुटली होती.

‘हमाली,’ मी म्हणालो. (मोठेपणा नाही. तेवढाच शब्द बोलण्याइतका दम उरला होता.)

‘कधीपासून?’

‘सकाळपासून.’

मामांच्या तोंडावर समाधान पसरलं. आपलं म्हणणं खरं ठरल्यावर माणूस किती सज्जन दिसतो! ते तसेच बसमध्ये जाऊन बसले, आणि बस माझं लग्न मोडायला निघून गेली.

आम्ही पोती परत चढवली. तीही तशीच. साहेब शेवटी बाबूमियाँना म्हणाले, ‘इतके वाईट हमाल मी आजवर पाहिलेले नाहीत. पण हमाल चांगले असावेत असं कायद्यात नसावं. जा.’

लॉरी निघाली. मी रडत होतो, पण मिठामुळे ते कुणाला कळलं नाही.

गावाच्या वेशीवर वाजंत्री नव्हती. दादा उभे होते, मागे गावकरी, बाजूला मामा. आई एकटीच झाडाखाली तोंडाला पदर लावून बसलेली. मावशीनं मालकिणीच्या आवाजात सुरुवात केली, पण दादांनी हात वर केला.

‘यांनी डोळ्यानं बघितलंय,’ ते मला म्हणाले. ‘तुमच्या तोंडूनही ऐकलंय. आता काय सांगायचंय?’

मी आईकडे बघितलं. तेव्हा बाबूमियाँ लॉरीतून उतरले.

‘हमाल? ये?’ ते इतक्या जोरात हसले की मला वाईट वाटलं. ‘पटेल साब, नाके पे एक लफ्ज बोलता तो इसकी इज्जत बचती थी, मेरा लायसन जाता था. नै बोल्या, ये इसका एहसान. पर हमाल नक्को बोलो, हमालों की बेइज्जती होती. एक बोरी फाड्या, दूसरी ले के नाले में गिर्या. तीसरी के नीचे सो गया, हम निकाले. अजी, इसकू मैं मुफत में भी नै रखता.’

माझ्याबद्दल इतकं वाईट, आणि इतक्या कळकळीनं, कुणी बोललं नव्हतं.

दादांनी मिशीवरून हात फिरवला. लॉरीतलं एक पोतं खाली ठेवायला लावलं. ‘उचला,’ मला म्हणाले.

बाबूमियाँ माझ्या कानाशी पुटपुटले, ‘सुबे जैसा उठाए, वैसाच उठाना.’

पण माणसाचं मन विचित्र. समोर सगळं गाव, कुठल्यातरी दाराआड ती. मला वाटलं, एकदा तरी नीट उचलून दाखवावं. आयुष्याचं नुकसान होईल हे कळत असूनही मी खाली वाकलो, होता नव्हता तो जोर लावला. पोतं गुडघ्यापर्यंत आलं. कंबरेपर्यंत आलं. गावानं श्वास रोखला. आईनं पदर काढला. आणि मग ते पोतं आणि मी, एकमेकांना न सोडता, मागच्या मागे आडवे झालो.

दादांनी जवळ येऊन आधी पोतं बघितलं, मग मला.

‘हा हमाल नव्हं,’ दादा म्हणाले. ‘वाजंत्री बोलवा.’

मामा अजून अडून होते. ‘मग हा पेढीवर करतो तरी काय?’

‘दुसरं काही करता येईल असं वाटतं का तुला?’ दादा म्हणाले. ‘बसतच असणार.’

मुहूर्त गाठला. अंतरपाटापलीकडून ती हसत होती. (तिचं म्हणणं, मी पडलो तेव्हाच तिची काळजी मिटली.) बाबूमियाँ पंगतीला बसले, दादांनी त्यांना आग्रहानं वाढलं, आणि ते मीठ पोचवायला निघाले. मी लॉरीपर्यंत गेलो आणि त्यांचा हात धरून शब्द दिला की त्यांच्या घरी पहिलं कार्य निघेल तेव्हा सगळं सामान मी उतरवीन. त्यांनी माझा हात बराच वेळ हातात ठेवला आणि म्हणाले, ‘नक्को, दत्तूभाई. खुदा के वास्ते नक्को.’

त्यानंतर त्यांच्याकडे दोन निकाह झाले. मला दोन्ही वेळा कळलं ते सामान उतरून झाल्यावर. पण धाकटीचा अजून व्हायचा आहे, आणि या वेळी मी आधीच जाऊन दारात बसणार आहे. बसायचं काम मला जमतं. हे ऋण मी कधीतरी फेडीनच, मग त्यांची कितीही पोती फाटोत.