विहिरीवरचा भाडेकरू

भुकूमला आमच्या खोलीत एक भाडेकरू होता. दर रविवारी तो घरी बिअर बनवायचा आणि उकळलेलं पातेलं निववायला विहिरीचं पाणी टपात भरायचा. आधी दोरीला बांधलेला तापमापक विहिरीत सोडायचा, पाणी किती गार आहे तो आकडा बघून स्वतःशीच "वा!" म्हणायचा. आम्ही त्याला 'बिअरवाला' म्हणून हसायचो.

एका रविवारी दोरी सोडताना त्याला पाण्यावर माझ्या धाकट्या भावाचं प्रेत दिसलं. गाव जमलं.

"पोलीस येस्तवर कुनी उतरायचं न्हाई," कुणीतरी ओरडलं. आम्ही काठावरच थिजलो. त्याने मात्र चपला काढल्या आणि दोर धरून तो खाली उतरला. भावाचं डोकं खांद्यावर घेऊन त्याने वर पाहिलं.

"काका, यांचे डोळे मिटवू का?"

"मिटव बाबा," मी काठावरून म्हणालो.