भावजींच्या वेलांट्या

ज्याला जगात काहीच क्षुल्लक वाटत नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. भावजींचं रामनगरात किराणा दुकान होतं. पण साखर हातात पडण्याआधी गिऱ्हाइकाला उत्तरं द्यावी लागत. "तुमच्यात ह्या कंदाला काय म्हणत्यात?" असं विचारताना तागडी हवेत तशीच लोंबकळत राही. एकदा बाजारकुणंगच्या एका गृहस्थाशी कुठल्याशा झाडाच्या नावावरून बोलता बोलता ते त्याच्याबरोबर बसमध्येच चढले. ताईला कळलं ते संध्याकाळी.

नव्वदच्या दशकात त्यांनी बेळगावहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला आणि झाडांची, कंदांची, भाताच्या वाणांची नावं त्यात भरायला घेतली. कागदावर लिहायचा त्यांना कंटाळा. ऐकलं की थेट टाइप. निम्मी नावं गुंद गावच्या आक्कांची. रानात जन्म गेलेली ही म्हातारी भावजींना धाकट्या भावासारखं 'तम्मा' म्हणे.

पुढे तो कॉम्प्युटर थकला. नव्यावर माहिती उतरवली, तर पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या शेपट्या आणि चौकोन. बेळगावचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "जुन्यात प्रत्येक अक्षराला एक आकडा होता. नव्या फाँटात आकडे वेगळे. पुसा आणि परत टाइप करा."

"म्हंजे अक्षरं आत हायत, खुणा तेवढ्या बदलल्यात," भावजी म्हणाले. "मग पुसायचं कशाला? ओळख करून देऊया."

पुसून चालणारही नव्हतं. आक्कांना आता नावं आठवेनाशी झाली होती.

दुकान ताईवर टाकून भावजी कुठला आकडा कुठल्या अक्षराचा ते जुळवत बसले, आणि कॉम्प्युटरवाल्यानं त्यावरून प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या खेपेला अक्षरं आली, पण ऱ्हस्व वेलांट्या एकेक घर पुढं सरकल्या. हिरड्याचा हरिडा, शिवणीची शविण. मी हसलो. भावजी मात्र खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले.

"वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी काढतो, बोलताना मागनं येती. जुनं यंत्र बोलल्यासारखं साठवत होतं, हे लिहिल्यासारखं मागतंय. किती मजा हाय बघ."

वेलांट्या जागेवर आल्या तसे ते छापलेले कागद घेऊन गुंदला निघाले. मीही गेलो. आक्का ओसरीवर बसल्या होत्या. भावजी एकेक नाव वाचू लागले, त्या मान हलवत ऐकत राहिल्या.

"कुणी सांगितलं रे तम्मा तुला एवढं?"

भावजींनी वाचलेल्या नावावर बोट ठेवलं. "हितलीच एक आक्का हाय. लई ठावं हाय तिला."

"व्हय?" त्या जरा जवळ सरकल्या. "मग वाच की फुडं."

भावजींनी चष्मा पुसला आणि पान उलटलं. आपणच सांगितलेल्या एकेका नावाला आक्का पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "व्हय?" म्हणत होत्या.