नातीने न घेतलेला सल्ला

आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत एक कथा प्रचलित आहे. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या शाळेत जाऊन म्हाताऱ्याने टेबलावर मूठ आपटली आणि नातीला विद्यापीठाचा रस्ता मोकळा करून दिला, अशी. ती साफ खोटी आहे. तो म्हातारा मीच. मी तिथे होतो; सांगणाऱ्यांपैकी एकही नव्हता.

नात तेव्हा रेआलशूलच्या, म्हणजे दहावीला संपणाऱ्या शाळेच्या, शेवटच्या वर्गात होती. पुढे तांत्रिक गिम्नाझियमची तीन वर्षे केली तर विद्यापीठ. नाहीतर आउसबिल्डुंग, म्हणजे कारखान्यातली उमेदवारी. वर्गशिक्षिकेने पालकांना बोलावले, म्हणून मीही गेलो. ‘तुमच्यासारख्या घरांतल्या मुलींना आउसबिल्डुंगच झेपते,’ असे तिने अत्यंत गोड आवाजात सांगितले; सुनेने ते माझ्या कानात मराठीत सांगितले. मोटारीच्या कारखान्यात इंजिनीअर असलेला माझा मुलगा यावर ‘या, या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, हो, अगदी बरोबर’, म्हणत मान डोलावत राहिला. शिक्षकाचे बोलणे म्हणजे शेवटचा शब्द, हे पुण्याच्या शाळेत त्याच्या अंगी इतके मुरले होते की पोरीचे भवितव्यही तो नम्रपणे देऊन टाकत होता.

मी नातीला म्हणालो, “विचार त्यांना. शेजारच्या बाकावरच्या जर्मन मुलीला गुण तुझ्याइतकेच आहेत. तिला गिम्नाझियम आणि तुला कारखाना, असे का?”

“अहो बाबा, इथे नको ना,” सून पुटपुटली.

नातीला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते. तिने माझा प्रश्न बाईंपुढे ठेवला. पण माझी वाक्ये संपली तरी तिचे बोलणे संपेना. मुलाची मान डोलायची थांबली. बाईंनी चष्मा काढला आणि एकच शब्द उच्चारला. नात उठली, हात मिळवला, दप्तर उचलून बाहेर पडली.

बसथांब्यावर मी मुलाला विचारले, “काय बोलली रे ती?”

“तिने विचारलं, हा नियम आहे की तुमचा सल्ला? बाई म्हणाल्या, सल्ला.”

“मग?”

“मग मी नाही घेतला, आजोबा,” नात म्हणाली. चक्क मराठीत.

आज ती कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकते. चिरंजीव चारचौघांत सांगतात, “शेवटी बाईंनी मान्य केलं.” काय मान्य केले? गिम्नाझियमचा प्रवेश गुणांवर होता, गुण तिचे होते आणि अर्ज तिने स्वतः नेऊन दिला. बाईंची संमती कोणी मागितलीच नव्हती.