निघताना फिरवलेली केरसुणी

घर नीट बंद करणं ही एक विद्या आहे आणि ती आपल्याला पुरती येते, असा तेव्हा माझा समज होता. वय बावीस, असले समज असायचंच वय ते. साल चौतीस किंवा पस्तीस असेल. संक्रांत होऊन गेली होती आणि नाशकात थंडी अशी, की सकाळी नदीवर धुणं धुताना बोटं बधिर व्हायची. हे शाळेत मास्तर. दिवाळीत खोकला लागला तो सुटेना. अखेर डॉक्टरांनी क्षय सांगितला. लांबच्या एका गावी अशा रुग्णांना कोरड्या हवेत ठेवून घेत. तिथे यांनी सहा-सात महिने राहायचं आणि मी जवळच खोली घेऊन जेवणखाण पाहायचं, असं ठरलं.

क्षय हा शब्द मात्र आम्ही उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नाही. आमच्या दोन खोल्या भाड्याच्या. मालक, म्हणजे काका, आणि मालकीणकाकू माडीवर राहत; त्यांच्या नातीला हे गणित शिकवत. तसल्या आजाराच्या बिऱ्हाडाचं सामान रस्त्यावर काढलेलं मी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्हा दोघांच्याही मागे कोणी नव्हतं. त्या खोल्या गेल्या असत्या तर परत यायला आम्हाला जागाच उरली नसती. म्हणून काकूंना सांगितलं, "हवापालटाला जातोय, यांच्या मावशीकडे." यांना मावशी नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत मी कामाला लागले.

चार दिवस राबले. डाळींना एरंडेल चोळलं, तांदळात कडुलिंबाचा वाळका पाला घातला. उंदरांच्या भीतीने गाद्या गुंडाळून आढ्याला टांगल्या. हंडे पालथे घातले, चूल सारवली. विंचूरकडून आणलेले कांदे सहा महिने थोडेच टिकणार, ते शेजारीपाजारी वाटले. देव तेवढे काकूंच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवले. काकू म्हणाल्या, "नैवेद्याची काळजी करू नकोस. माझे खातील ते तुझेही खातील." मी हसले, पण त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. चोराच्या मनात चांदणं.

निघायच्या सकाळी टांगा दारात आला. हे शाल लपेटून आत जाऊन बसले, ट्रंक चढली. मी कुलूप लावायला वळले तर जमिनीवर तांदळाचे दाणे सांडलेले. मुंग्या होतील! माझ्यातली सुगरण जागी झाली. मी केरसुणी घेतली आणि भराभर केर काढायला लागले.

"अगं, थांब! काय करतेस हे?" काकू जिन्यात उभ्या होत्या.

माझ्या हातातली केरसुणी गळून पडली. माणूस प्रवासाला निघाल्यावर लगेच मागे केर काढत नाहीत, हे लहान पोरीलाही कळतं. तसा केर एकदाच काढतात, माणूस परत यायचं नसतं तेव्हा. आणि मी, ज्या माणसासाठी तीन महिने नवस बोलत होते त्याच्यामागे, स्वतःच्या हाताने! मला रडू कोसळलं.

काकू जिना उतरल्या. सरळ टांग्याकडे गेल्या. "मास्तर, उतरा खाली."

"गाडी चुकंल, बाई," टांगेवाला कुरकुरला. "ठेसन काय जवळ हाय का?"

"चुकू दे. दुसरी असेल."

हे बिचारे उतरून आत आले. काकूंनी पाट मांडून यांना बसवलं. "झालं. तुम्ही परत आलात. पहिलं निघणं मोडलं. आता तोंड गोड करून नव्याने निघा." खोकल्याला दही नको, म्हणून त्या माडीवरून साखर घातलेलं कोमट दूध घेऊन आल्या. ते होतं चांदीच्या वाटीत. त्यांच्या सगळ्या नातवंडांची उष्टावणं त्याच वाटीत झाली होती.

"काकू, यांना त्यात नको!" मी ओरडले. तीन महिने दाबून धरलेलं गुपित मीच फोडलं.

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "दिवाळीपासून यांची भांडी वेगळी उकळतेस, ते मला वरून दिसत नाही होय? नातीचं गणित अंगणात उन्हात घ्या म्हटलं, ते काय उगाच? वाटी मी उकळून घेईन. प्या मास्तर, निवतंय."

"आणि काका?" मी कसंबसं विचारलं.

"त्यांना मावशीचं सांगितलंय. तेवढं पुरे त्यांना."

यांनी दूध प्यायलं. वाटी तळापर्यंत रिकामी केली. कुलूप लावून किल्ली मी काकूंपुढे धरली, तर त्यांनी माझी मूठ मिटवली. "तुझं घर, तुझी किल्ली."

आठ महिन्यांनी हे बरे होऊन त्याच खोल्यांत परत आले, आणि पुढे पुष्कळ वर्षं जगले. डॉक्टरांचे आणि देवाचे उपकार मी मानतेच. पण काकूंचे उपकार मोजायला माझ्याकडे माप नाही. परतल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, "सगळं ठाऊक होतं, तर मला आधीच का नाही बोललात?"

काकू गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोलले असते तर लाजेने तू घर रिकामं करून गेली असतीस. मला ते नुसतं बंद करून हवं होतं."